गाडीच्या पॉवर अँटिनाची दांडी स्वतः बदलताना: तयारी, पायऱ्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

पॉवर अँटिनाची दांडी वाकली किंवा मोडली, की दुकानात बहुधा पूर्ण अँटिनाच बदलावा लागेल असे सांगितले जाते, आणि मोटर, गरारी, नळी व दांडी असा सगळा संच विकत घ्यावा लागतो. प्रत्यक्षात मोटर चांगली असेल तर नुसती दांडी बदलून भागते. अनेक गाड्यांसाठी ती सुटी मिळते, संचापेक्षा पुष्कळ स्वस्त असते, आणि दोन माणसांनी शांतपणे केले तर हे काम सकाळच्या तासाभराचे आहे. असे असूनही आमच्या भागात लोक अर्धवट फसलेले काम घेऊन येतात, आणि त्यांच्या चुका जवळजवळ त्याच त्या असतात: दांडी हाताने ओढून काढलेली असते, तुटलेल्या नायलॉनच्या पट्टीचा तुकडा आतच राहिलेला असतो, नाहीतर नवी पट्टी दातांची बाजू न पाहता आत कोंबलेली असते. हा लेख या तीन चुका टाळण्यासाठी लिहिला आहे. ज्यांच्या जुन्या सेडान गाड्यांत रेडिओ लावताच वर येणारा अँटिना आहे, त्यांनी हत्यार हातात घेण्यापूर्वी तो शेवटपर्यंत वाचावा.

आत काय असते

एवढे समजले नाही तर पुढची एकही पायरी नीट कळणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. वर दिसणारी दांडी म्हणजे एकात एक सरकणाऱ्या पोकळ नळ्या असतात. सर्वांत वरच्या बारीक नळीला आतून नायलॉनची लवचीक पट्टी जोडलेली असते, ती सगळ्या नळ्यांच्या पोटातून खाली जाते, आणि तिच्या एका बाजूला दाते असतात. खाली मोटरची गरारी त्या दात्यांत अडकते. मोटर एका दिशेने फिरली की पट्टी वर ढकलली जाते व दांडी उघडते; उलट फिरली की पट्टी एका गोल डबीत गुंडाळली जाते व दांडी मिटते. सर्वांत वर, गाडीच्या पत्र्याबाहेर, एक चमकदार नट असतो आणि तोच दांडीला नळीत धरून ठेवतो. तो नट सोडला आणि मोटर वरच्या दिशेने फिरवली, की मोटर दांडीला आपोआप बाहेर ढकलते. काढताना आणि बसवताना दोन्ही वेळी ओढण्या-ढकलण्याचे काम मोटरने करायचे आहे, आपण फक्त दांडीला आधार व दिशा द्यायची आहे.

पायरी १: बिघाड दांडीचाच आहे का, हे आधी ठरवा

ही पायरी लोक सर्रास वगळतात, आणि दांडी आणल्यावर दोष दुसरीकडेच असल्याचे कळते. गाडी शांत ठिकाणी उभी करावी, इंजिन बंद ठेवावे, चावी अ‍ॅक्सेसरीच्या खुणेवर आणावी आणि एका माणसाने रेडिओ सुरू करावा. दुसऱ्याने अँटिनाजवळ कान देऊन ऐकावे, मात्र तोंड किंवा डोळा दांडीच्या बरोबर वर आणू नये.

मोटरचा घरघर आवाज काही सेकंद येतो, पण दांडी हलत नाही किंवा अर्ध्यावर थांबते, तर बहुधा पट्टी तुटली आहे किंवा तिचे दाते झिजले आहेत. दांडी बदलून हा दोष जातो. घरघरीऐवजी कट-कट-कट असा आवाज येत असेल, तर दांडी वाकून नळीत अडकली असावी आणि मोटरचा क्लच, म्हणजे जास्त जोर पडला की घसरून मोटरला वाचवणारा भाग, घसरत असावा. इथेही दांडीच बदलायची असते.

आवाज अजिबात येत नसेल, तर दांडी विकत घेऊ नये. प्रथम फ्यूज पाहावा. त्यानंतर रेडिओ मूळचा आहे की नंतर बसवलेला, हे आठवावे. आपल्याकडे जुन्या गाडीत नवा स्टिरिओ बसवताना अँटिनाची वायर जोडायची राहून जाणे फार सामान्य आहे. बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंना पिवळी वायर कायमच्या १२ व्होल्टसाठी, लाल वायर चावीच्या पुरवठ्यासाठी, काळी अर्थिंगसाठी आणि निळी वायर पॉवर अँटिनासाठी असते. निळ्यावर पांढरी रेघ असलेली वायर अ‍ॅम्प्लिफायर चालू करण्यासाठी असते. पुष्कळ स्टिरिओंत निळ्या वायरवर रेडिओ चालू असतानाच विद्युतपुरवठा येतो, तर पांढऱ्या रेघेच्या वायरवर स्टिरिओ चालू असेतो, म्हणजे पेनड्राइव्हवरची गाणी लागलेली असतानाही, पुरवठा राहतो. त्यामुळे गाणी लागताच अँटिना वर येत असेल, तर दांडीत दोष नसून वायर चुकीच्या ठिकाणी जोडलेली आहे.

आणखी एक परिस्थिती लक्षात ठेवावी. दांडी व्यवस्थित वर-खाली होते, पण रेडिओ खरखरतो. इथे दोष बहुधा अँटिनाच्या केबलचा, तिच्या पिनेचा किंवा अर्थिंगचा असतो, आणि नवी दांडी लावून काही फरक पडत नाही.

तपासणी: मोटरचा आवाज दोन्ही वेळा, म्हणजे रेडिओ लावतानाही आणि बंद करतानाही, आला पाहिजे. एकाच वेळी येत असेल तर रिले (मोटरचा वीजपुरवठा जोडणारा-तोडणारा स्विच) किंवा वायरिंग तपासून घ्यावे, मगच पुढे जावे.

पायरी २: योग्य दांडी मिळवणे

सर्वच गाड्यांना चालते असे सांगून विकली जाणारी दांडी मी घेत नाही आणि कोणाला घ्यायला सांगतही नाही. वरून ती सारखी दिसते, पण पट्टीच्या दात्यांमधले अंतर वेगळे निघाले तर मोटरची गरारी ते दाते चार दिवसांत कातरून टाकते. तालुक्याच्या ठिकाणी सुटे भाग मिळाले नाहीत तर नागपूर-अमरावतीकडून एसटीच्या पार्सलने किंवा कुरिअरने मागवावे लागतात, आणि मग परत पाठवण्याचा खर्चच दांडीच्या किमतीला भिडतो. म्हणून मागवण्यापूर्वी गाडीचे मॉडेल, निर्मितीचे वर्ष आणि शक्य असल्यास पार्ट नंबर लिहून घ्यावा. जुनी दांडी हाती असेल तर तिची पूर्ण उघडलेली लांबी, सर्वांत जाड नळीचा व्यास आणि पट्टीचा व्यास मोजून ठेवावा, आणि विक्रेत्याला मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो पाठवावा.

लांबीबाबत तडजोड करू नये. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ आहे, १०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी ३ मीटर येते, आणि तिचा चौथा भाग म्हणजे सुमारे ७५ सेंटिमीटर. गाडीच्या अँटिनाची उंची साधारण याच हिशेबाने ठरते. शहरात अपुऱ्या दांडीवरही केंद्र लागते, कारण ते जवळ असते. आपल्या गावांपासून केंद्र दूर असल्यामुळे दहा-पंधरा सेंटिमीटरची कसरही ऐकू येते.

नवी दांडी हाती आली की दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून दात्याला दाता जुळतो का ते पाहावे. दहा दाते मोजून त्यांची लांबी जुन्या पट्टीवरच्या दहा दात्यांशी ताडून पाहावी. फरक दिसला तर ती दांडी बसवू नये. मूळ मॉडेलसाठी बनवलेल्या दांडीची पट्टी कापू नये. ती जास्त लांब वाटली तर आपण चुकीची दांडी घेतली आहे असे समजावे.

पायरी ३: वेळ, जागा आणि साहित्य

उन्हाळ्यात हे काम ऊन चढण्यापूर्वी करावे. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. तापलेल्या पत्र्याला हात लागतो तो वेगळाच, पण नायलॉनही मऊ पडते, ढकलताना दुमडते आणि एकदा पडलेली दुमड पुन्हा सरळ होत नाही. थंडीच्या पहाटे उलट त्रास होतो: पट्टी ताठर असते आणि कडेला वाकवताच चिरते. सकाळी आठ-नऊची वेळ दोन्ही ऋतूंत सोयीची पडते.

गाडी मोकळ्या आभाळाखाली किंवा उंच छपराखाली उभी करावी. टिनाच्या शेडखाली हे काम करू नये, कारण चाचणीच्या वेळी दांडी पूर्ण उंचीवर जाते आणि टिनाला लागून नवी दांडी पहिल्याच दिवशी वाकते. मळणी चालू असलेल्या खळ्याजवळ, किंवा तूर-सोयाबीनचा भुसा उडत असेल अशा जागीही करू नये, कारण नट काढल्यावर नळीचे तोंड उघडे राहते आणि आत गेलेला भुसा बाहेर काढता येत नाही.

हाताशी पुढील साहित्य असावे: नटाच्या मापाचा पाना, आणि नटाला सहा बाजूंऐवजी खाचा असतील तर सर्क्लिप प्लायर (दोन बारीक टोकांची पक्कड), रंगाचे रक्षण करण्यासाठी चिकटपट्टी, स्वच्छ सुती कापडाचे दोन तुकडे, गंज मोकळा करणारा स्प्रे, छोटी टॉर्च, बारीक टोकाचा नोज प्लायर, मोजपट्टी, आणि नट-वॉशर ठेवायला एक वाटी. नटाच्या वॉशरखाली रबराची गादी असते. ती कडक झाली असेल तर नवी आणून ठेवावी.

यापेक्षाही महत्त्वाचा म्हणजे दुसरा माणूस. एकट्याने रेडिओचे बटण दाबून धावत अँटिनाकडे जाणे हेच पुष्कळ वेळा काम बिघडवते. आत बसणाऱ्याने बाहेरच्याच्या शब्दावर बटण दाबायचे, स्वतःच्या मनाने नाही, हे आधी ठरवून घ्यावे. “लाव” आणि “बंद” हे दोनच शब्द वापरावेत.

सावधान: बॅटरी अशक्त असेल तर आधी चार्ज करावी. मोटर मध्येच मंदावली तर पट्टी गरारीत अर्धवट अडकते. आणि कोणी सांगितले म्हणून या कामासाठी बॅटरीची वायर काढू नये. मोटर चालवायला वीज लागतेच, शिवाय काही मूळचे रेडिओ बॅटरी तुटताच सांकेतिक क्रमांक मागतात, आणि तो जुन्या मालकाकडेच राहिलेला असतो.

पायरी ४: नट सोडवणे

दांडीभोवतीचा पत्रा ओल्या कापडाने पुसून कोरडा करावा, आणि नटाभोवती चिकटपट्टीचे दोन थर लावावेत. पाना एकदा निसटला की पत्र्यावर पडलेला ओरखडा आयुष्यभर राहतो, आणि पावसाळ्यात तिथूनच गंज सुरू होतो.

बरेच पावसाळे सोसलेला नट लगेच फिरत नाही. स्प्रेचा एक फवारा कापडावर घेऊन ते कापड नटाभोवती पंधरा-वीस मिनिटे गुंडाळून ठेवावे. थेट नळीत फवारा मारू नये. खाली गेलेले तेल धूळ ओढते आणि तिचा लगदा गरारीवर बसतो. साध्या पक्कडीने नट धरू नये, त्याने चकाकी निघते आणि कडा गोल होतात. नट सैल झाला की शेवटचे आटे हाताने फिरवून काढावा, वाटीत ठेवावा, आणि त्याखालचे वॉशर व बुश (नटाखाली बसणारे जाड कडे) कोणत्या क्रमाने निघाले याचा मोबाइलवर फोटो घ्यावा.

काही गाड्यांत नटाखालच्या बुशाला एक उतरती कड असते आणि ती एकाच दिशेने पत्र्यावर बसते. परत लावताना ती उलटी लागली तर पाणी आत जाते.

पायरी ५: जुनी दांडी बाहेर काढणे

बाहेरच्याने दांडीच्या बुडाशी, पत्र्याच्या अगदी वर, कापड धरून हलका आधार द्यावा आणि “लाव” म्हणावे. मोटर फिरते, दांडी वर येते, आणि नट नसल्यामुळे थांबण्याऐवजी पूर्ण बाहेर पडते. पट्टीचे शेवटचे टोक बाहेर येईपर्यंत हाताने फक्त सांभाळायचे, ओढायचे नाही. दांडी सुटून बॉनेटवर किंवा डिक्कीवर पडली तर रंगाला खोक पडते, म्हणून आधार आवश्यक आहे.

टोक बाहेर येण्याच्या आधी एक काम करावे. पट्टीचे दाते गाडीच्या कोणत्या दिशेला आहेत, पुढे, मागे, आत की बाहेर, ते पाहून पत्र्यावरच्या चिकटपट्टीवर पेनाने बाणाची खूण करावी. हे लगेच केले नाही, तर नंतर अंदाज बांधत बसावे लागते, कारण प्रत्येक बनावटीत ही दिशा निराळी असू शकते.

इथून पुढे रेडिओ बंद करू नये आणि चावीही फिरवू नये. मोटर आता वरच्या टोकाला थांबली आहे, आणि पायरी ८ मध्ये ती याच अवस्थेत लागणार आहे.

पायरी ६: तुकडा आत राहिला का, हे मोजून पाहा

या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे. माझ्या स्वतःच्या गाडीची पहिली दांडी बदलताना मी ही पायरी केली नव्हती. जुनी दांडी बाहेर आली, नवी आत गेली, दोनदा वर-खाली झाली, आणि तिसऱ्यांदा अर्ध्यावर अडकली. आत चार बोटे लांबीचा जुना तुकडा डबीत राहिला होता, आणि नव्या पट्टीने त्याच्यावर चढून आपले दाते घालवले. नवी दांडी वाया गेली, आणि मोटर खोलावी लागली ती लागलीच.

म्हणून जुनी दांडी पूर्ण उघडून नव्या उघडलेल्या दांडीशेजारी ठेवावी आणि बुडाच्या नळीपासून पट्टीच्या टोकापर्यंतची लांबी ताडून पाहावी. शाबूत पट्टीचे टोक स्वच्छ कापलेले किंवा कारखान्यात घडवलेले असते. तुटलेले टोक फाटके, पांढरट आणि ओबडधोबड दिसते. लांबी कमी असेल किंवा टोक फाटके असेल, तर तुकडा आतच आहे असे धरून चालावे.

तुकडा असेल तर आधी सोपा उपाय करून पाहावा. नळीत टॉर्च मारून पाहावे. टोक दिसत असेल तर “बंद” आणि मग “लाव” असे एकदा करून मोटरला तो वर ढकलू द्यावा, आणि नोज प्लायरने हळूच धरावा. असे दोन-तीनदा करूनही तुकडा दिसत नसेल, तर नवी दांडी घालून पाहण्याचा मोह टाळावा.

पायरी ७: तुकडा निघत नसेल तरच मोटर खोलावी

पट्टी शाबूत निघाली असेल त्यांनी ही पायरी सोडून पुढे जावे.

रेडिओ बंद करावा, चावी काढावी आणि अँटिनाचा फ्यूज उपसून खिशात ठेवावा. मोटर गाडीनुसार पुढच्या मडगार्डच्या आत किंवा डिक्कीच्या बाजूच्या अस्तरामागे असते. अस्तराच्या प्लॅस्टिक क्लिपा जुन्या गाडीत ठिसूळ झालेल्या असतात, म्हणून क्लिपेच्या मुळाशी चपटे हत्यार घालून त्या उचलाव्यात. विजेचा कनेक्टर आणि अँटिनाची गोल पिन वेगवेगळी सोडवावी. दोन्ही ओढताना वायर न धरता टोपण धरावे. ब्रॅकेटचे बोल्ट सैल केले की संच खाली उतरतो.

संचाच्या तळाशी पाणी बाहेर पडण्याची एक बारीक रबरी नळी असते. तिचे तोंड कोणत्या छिद्रातून बाहेर काढले होते ते पाहून ठेवावे. पायरी ११ मध्ये तिचा पुन्हा उल्लेख येईल.

पट्टी गुंडाळण्याच्या गोल डबीचे झाकण चार-सहा स्क्रूंनी बसवलेले असते. ते उघडण्यापूर्वी फोटो घ्यावा, आणि उघडताना संच आडवा ठेवावा, कारण आतली स्प्रिंग किंवा चकती उडून गवतात गेली तर काम तिथेच थांबते. तुकडा, तसेच झिजून पडलेले नायलॉनचे कण, एकूण एक वेचून काढावेत. जुने ग्रीस वाळून काळे झाले असेल तर कोरड्या कापडाने खरवडावे आणि गरारीवर पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ हात द्यावा. चाकाच्या बेअरिंगचे जाड ग्रीस वापरू नये, त्यात मोटर जड फिरते. विजेच्या संपर्कबिंदूंना ग्रीस लागू देऊ नये.

गरारीचेच दाते तुटलेले दिसले, तर इथे थांबावे. अशा वेळी पूर्ण संच बदलणे हाच योग्य मार्ग आहे, आणि नव्या दांडीवर खर्च करण्यात अर्थ नाही.

संच परत बसवून फ्यूज लावावा, रेडिओ सुरू करावा आणि मोटर वरच्या टोकाला जाऊन थांबली याची आवाजावरून खात्री करून मगच पुढे जावे.

पायरी ८: नवी दांडी आत घालणे

नळीचे तोंड कोरड्या कापडाच्या पिळाने आतून पुसावे. आतल्या पितळी पत्रीचा दांडीला स्पर्श झाला तरच रेडिओला लहरी मिळतात, त्यामुळे ती वाकणार नाही याची काळजी घ्यावी.

नवी दांडी पूर्ण उघडावी. मिटलेल्या दांडीखाली पट्टीची लांब शेपटी लोंबते आणि ती सांभाळता येत नाही. उघडलेल्या दांडीखाली फक्त गरारीपर्यंत पोहोचण्याइतकीच पट्टी उरते. दाते चिकटपट्टीवरच्या बाणाच्या दिशेला करावेत आणि पट्टी सरळ उभी आत सोडावी. साधारण वीतभर किंवा त्याहून थोडी अधिक आत गेल्यावर टोक कशाला तरी टेकल्यासारखे जाणवते. तिथे थांबावे, दोन बोटांनी अगदी हलका दाब ठेवावा, आणि “बंद” म्हणावे.

मोटर खालच्या दिशेने फिरू लागते, गरारी दाते पकडते, आणि पट्टी बोटांतून आपोआप खाली खेचली जाते. हा क्षण हाताला स्पष्ट कळतो. आता दाब काढून घ्यावा आणि दांडी नळीच्या रेषेत सरळ धरून फक्त मागोमाग जावे.

पट्टी खेचली गेली नाही तर ती आहे त्याच जागी अगदी सावकाश पाव वळसा फिरवावी. दात्यांची बाजू थोडी तिरपी असेल तर एवढ्याने गरारी पकड घेते. मोटर मात्र काही सेकंदच फिरते. तेवढ्यात पकड बसली नाही तर घाई करू नये. पट्टी बाहेर काढून घ्यावी, “लाव” म्हणून मोटरला वरच्या टोकापर्यंत जाऊ द्यावे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. पट्टी आत असतानाच बटण लावले तर गरारी तिला वर ढकलते, बाहेरचा माणूस खाली दाबत असतो, आणि या ओढाताणीत नवे दाते झिजतात. फसलेली पुष्कळ कामे मी नेमकी इथेच फसलेली पाहिली आहेत.

सावधान: दोन-तीन प्रयत्नांनंतरही पकड बसत नसेल तर दात्यांची दिशा पुन्हा पाहावी. तीही बरोबर असेल तर पायरी ६ ला परत जावे. तुकडा आत असण्याची शक्यता मोठी आहे.

पायरी ९: नट बसवणे

दांडी पूर्ण आत गेली नाही, चार-पाच बोटे बाहेर राहिली, तरी घाबरून ती दाबू नये. नव्या पट्टीचा आणि गरारीचा मेळ पहिल्या फेरीत पूर्ण बसेलच असे नाही. बुश आणि वॉशर फोटोतल्या क्रमाने ठेवून नट आधी हाताने फिरवावा. पहिले दोन आटे हाताने सहज फिरले पाहिजेत. अडले तर आटे तिरपे चढत आहेत, नट काढून पुन्हा सुरुवात करावी. शेवटी पान्याने बेताचा आवळावा. जास्त आवळला तर खालची रबरी गादी चेपून फाटते आणि पाणी आत जाऊ लागते.

पायरी १०: चाचणी

रेडिओ लावावा, दांडी पूर्ण वर जाऊन मोटर थांबेपर्यंत वाट पाहावी, मग बंद करावा आणि खाली जाऊन मोटर थांबेपर्यंत पुन्हा वाट पाहावी. असे चार-पाच वेळा करावे. उरलेली चार बोटे या फेऱ्यांत आपोआप आत जातात, कारण प्रत्येक फेरीत मोटर दोन्ही टोकांपर्यंत जाऊन आपला मेळ बसवते. मोटर थांबण्यापूर्वी बटण उलट दाबणे ही इथली नेहमीची चूक आहे. दोन्ही टोकांना पूर्ण थांबा मिळाला नाही तर दांडी अर्धवटच राहते.

पाच फेऱ्यांनंतरही दांडी बाहेर राहत असेल तर पट्टी जास्त लांब आहे, नळीत कचरा आहे किंवा दांडी तिरपी बसली आहे. या क्रमाने शोध घ्यावा.

मग रेडिओ ऐकून पाहावा. फक्त जवळचे, जोरकस केंद्र लावून समाधान मानू नये; जे केंद्र आपल्या गावात जेमतेम लागते तेच लावावे. विविध भारतीचे नागपूर केंद्र १००.६ मेगाहर्ट्झवर आहे. नागपूरपासून बरेच दूर राहणाऱ्यांसाठी ते चांगली कसोटी ठरते. केंद्र लागलेले असताना दांडी बुडाशी हलकेच हलवावी. खरखर कमी-जास्त झाली तर पितळी पत्रीचा स्पर्श सैल आहे किंवा नटाखाली अर्थिंग नीट मिळत नाही. नट काढून पत्र्याची खालची बाजू गंजली आहे का ते पाहावे.

पायरी ११: पाण्याची नळी आणि पहिला आठवडा

काम संपल्यावर अर्धा तांब्या पाणी नटाभोवती सावकाश ओतावे आणि गाडीखाली पाहावे. संचाच्या तळाच्या रबरी नळीतून पाणी टपकले पाहिजे. टपकले नाही तर नळी चिखलाने बुजली आहे. काळ्या मातीचा चिखल वाळला की दगडासारखा बसतो. पाण्यात भिजवून मऊ तारेने तो मोकळा करावा. बुजलेल्या नळीमुळे पावसाचे पाणी मोटरमध्ये साचते, आणि एक पावसाळा गेल्यावर बदललेल्या दांडीला हलवणारी मोटरच उरत नाही.

पहिल्या आठवड्यात दर दोन दिवसांनी दांडी पूर्ण उघडून कोरड्या सुती कापडाने वरून खाली पुसावी. तेल लावू नये. मऊ फिरावी म्हणून अनेकजण इंजिन ऑइलचा हात देतात, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत त्या तेलावर धूळ व तंतू बसून दांडी पुन्हा अडकते.

गाडीवर ताडपत्री टाकण्यापूर्वी रेडिओ बंद असल्याची खात्री करावी. लग्नासाठी गाडी सजवताना फुलांच्या माळा दांडीला बांधू देऊ नयेत. आणि पांदण रस्त्याला लागताना, जिथे दोन्ही बाजूंनी बाभळी आत झुकलेल्या असतात, रेडिओ बंद करून दांडी खाली जाईपर्यंत दहा सेकंद थांबावे, मगच गाडी पुढे घ्यावी.